परदेशी जोडीदाराला बंद सीमेतून भारतात आणताना: कागदांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

“लग्न झालंय ना, मग येऊ देतीलच.” बहुतेक घोळ या वाक्यापासून सुरू होतात. विमान कंपनीच्या काउंटरवरचा माणूस तुमचं नातं बघत नाही. जोडीदाराच्या पासपोर्टवर कोणत्या प्रकारचा व्हिसा आहे आणि त्या दिवशी तो प्रकार चालू आहे की स्थगित, एवढंच तो बघतो. नवरा नाशिकचा, भारतीय पासपोर्टवाला, आणि बायको ई-टुरिस्ट व्हिसावर, तर सीमेवर ती पर्यटकच. कोविडच्या दोन वर्षांत या एका फरकापायी कितीतरी जोडपी दोन खंडांत अडकून पडली.

खालचा क्रम २०२० ते २०२२ मधल्या भारताच्या नियमांवर बेतला आहे. पुढच्या साथीत तास बदलतील, चाचणी वेगळी असेल, पोर्टलचं नावही निराळं असेल. कामाचा क्रम मात्र हाच ठेवा. पायऱ्या १ ते ४ सगळं सुरळीत असतानाच उरकायच्या. सीमा बंद झाल्यावर त्या करता येत नाहीत, कारण तेव्हा कचेऱ्याही बंद असतात.

## १. जोडीदार कोणत्या रांगेत आहे ते ठरवा

परदेशी जोडीदार तीनपैकी एका रांगेत असतो: पर्यटक व्हिसा, एंट्री म्हणजे एक्स व्हिसा (भारतीय नागरिकाच्या जोडीदारासाठी असतो तो), किंवा ओसीआय कार्ड (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, म्हणजे परदेशी नागरिकाला भारतात आयुष्यभर व्हिसाविना ये-जा करू देणारं कार्ड). बंदीच्या काळात या तिन्ही रांगा एकाच वेगाने पुढे सरकल्या नाहीत.

११ मार्च २०२० च्या आदेशाने राजनैतिक, अधिकृत, संयुक्त राष्ट्रसंघाचे, रोजगार आणि प्रकल्प एवढे प्रकार सोडून बाकी सगळे व्हिसा स्थगित झाले. ओसीआय कार्डावरची व्हिसामुक्त ये-जाही थांबली. हा अनेकांना धक्का होता, कारण “आयुष्यभराचा व्हिसा” थांबवता येतो हे कुणी गृहीतच धरलं नव्हतं. २२ मे २०२० ला काही ओसीआय गटांना सवलत मिळाली. पती-पत्नींपैकी एक ओसीआय, दुसरा भारतीय नागरिक आणि कायमचं घर भारतात, असा एक गट त्यात होता. २१ ऑक्टोबर २०२० च्या आदेशाने सगळ्या ओसीआय कार्डधारकांना आणि पर्यटन सोडून इतर कामासाठी येणाऱ्या परदेशी नागरिकांना वाट मोकळी झाली. एक्स व्हिसा त्यात आला. ई-व्हिसा, पर्यटक आणि वैद्यकीय व्हिसा वगळले गेले. नेहमीच्या विमानांनी येणाऱ्यांसाठी नवे पर्यटक व्हिसा सुरू व्हायला १५ नोव्हेंबर २०२१ उजाडला.

म्हणजे तेच लग्न, तेच नातं, पण एक्स व्हिसावाली बायको आणि टुरिस्ट व्हिसावाली बायको यांच्यात जवळपास तेरा महिन्यांचं अंतर.

तपासा: पासपोर्टवरच्या व्हिसावर प्रकार छापलेला असतो, तो आत्ताच उघडून बघा. “दर वर्षी यावरच येतो, कधी कुणी अडवलं नाही” हे उत्तर नव्हे.

सावधान: साखरपुडा झालेल्यांसाठी किंवा लग्नाविना एकत्र राहणाऱ्यांसाठी भारताच्या या सवलतींत वेगळी रांग नव्हती. मुलांचंही वेगळं बघावं लागतं. मुलाचा पासपोर्ट परदेशी असेल तर त्याचा व्हिसा किंवा ओसीआय स्वतंत्र लागतो. आईबाबांच्या कागदांवर ते मूल येत नाही.

## २. लग्नाचा दाखला: खरी मेहनत इथे

सगळे कागद या एका कागदावर उभे राहतात आणि सर्वाधिक चुकाही इथेच होतात.

कोणत्या कायद्याखाली नोंदणी? हिंदू विवाह कायदा दोघेही हिंदू असतील तरच लागू होतो. जोडीदार दुसऱ्या धर्माचा असेल तर गावी भटजींनी सप्तपदी घातली, फोटो काढले, जेवणावळी उठल्या, तरी त्या कायद्याखालची नोंदणी पुढे अडचणीत येऊ शकते. अशा वेळी विशेष विवाह कायदा, १९५४ हा सरळ रस्ता. वर किंवा वधू यांपैकी एक जण त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला हवा. मग विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस, ती लागल्यावर पुन्हा ३० दिवसांची वाट, आणि तीन साक्षीदारांसमोर सह्या. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही तर नोटीस रद्द होते आणि सगळं पहिल्यापासून. जोडीदार तीन आठवड्यांच्या सुट्टीवर येतो, नोटीस देतो आणि परतीचं तिकीट एकविसाव्या दिवसाचं असतं, हे फार वेळा घडतं. तिकीट नोटिशीच्या तारखेवरून काढा.

नोटिशीसोबत परदेशी जोडीदाराकडून लग्नाला हरकत नसल्याचा किंवा अविवाहित असल्याचा दाखला मागतात. तो त्याच्या देशाच्या वकिलातीतून मिळवावा लागतो. आधीचं लग्न मोडलं असेल तर घटस्फोटाचा अंतिम हुकूमनामाही लागतो.

गोव्यात पद्धत वेगळी. तिथे सिव्हिल रजिस्ट्रारसमोर आधी लग्नाचा इरादा नोंदवायचा, ठरलेल्या मुदतीनंतर दुसऱ्यांदा जाऊन सही करायची. पहिल्या सहीवर थांबलेलं लग्न पुरं झालेलं नसतं. त्या कागदावर व्हिसा मागायला जाऊ नका.

लग्न परदेशात झालं असेल तर तिथल्या दाखल्यावर त्याच देशाचं अपोस्टील, म्हणजे कागद दुसऱ्या देशात ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का, घ्या. तो देश अपोस्टील करारात नसेल तर तिथल्या भारतीय वकिलातीचं प्रमाणीकरण लागतं. भारतातला दाखला परदेशात वापरायचा असेल तर आधी राज्य सरकारचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील. उलट क्रमाने ते होत नाही.

नावांची जुळवणी. महाराष्ट्रातल्या अर्जांत नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव आणि आडनाव अशी तीन खणांची सवय आहे. परदेशी पासपोर्टवर ‘ॲना मारिया श्मिट’ असं नाव असतं. कारकून सवयीने मधल्या खणात नवऱ्याचं नाव टाकतो आणि दाखल्यावर ‘ॲना सचिन कुलकर्णी’ उमटतं. घरी सगळे खूश. पण जगात या नावाचा पासपोर्टच नाही. व्हिसा अधिकाऱ्याच्या दृष्टीने हा दाखला दुसऱ्याच कुणाचा. म्हणून अर्ज भरताना पासपोर्ट टेबलावर उघडा ठेवा, पहिल्या पानावरचं इंग्रजी नाव अक्षर न् अक्षर उतरवून द्या आणि सही करण्याआधी कच्ची प्रत मागून वाचा. भारतीय जोडीदाराचंही तसंच: पासपोर्टवर ‘देशपांडे’ एका स्पेलिंगने आणि आधारवर दुसऱ्या, तर पासपोर्टवरचं धरा.

तपासा, सही करण्याआधी:
- दोघांची पूर्ण नावं, जन्मतारखा आणि राष्ट्रीयत्व पासपोर्टप्रमाणे आहेत.
- लग्नाची तारीख आणि नोंदणीची तारीख वेगवेगळ्या खणांत बरोबर पडल्या आहेत.
- दाखला मराठीत असेल तर इंग्रजी प्रतही मागितली आहे. ती मिळत नसेल तर प्रमाणित भाषांतर करून घ्या.

चूक राहिलीच तर दुरुस्ती तिथेच, लगेच करून घ्या. दोन वर्षांनी त्या वॉर्ड ऑफिसात माणसं बदललेली असतात आणि रजिस्टर कुठल्या कपाटात आहे याचा पत्ता लागत नाही.

## ३. एक्स व्हिसा काढा, पर्यटक व्हिसावर भागवू नका

ई-टुरिस्ट व्हिसा घरबसल्या मिळतो, स्वस्त पडतो, म्हणून लोक वर्षानुवर्षं त्यावरच येतात. दिवस चांगले असतील तर चालून जातं. पण साथीत पहिली कुऱ्हाड त्यावरच पडते.

भारतीय नागरिकाच्या जोडीदारासाठी एक्स व्हिसा असतो. तो पाच वर्षांपर्यंत आणि अनेकदा ये-जा करता येईल असा मिळू शकतो. अर्ज सरकारच्या व्हिसा संकेतस्थळावर भरायचा, पण ई-व्हिसाच्या दुव्यावर नाही; नियमित, कागदी व्हिसाच्या दुव्यावर. मग छापील अर्ज जोडीदार राहतो त्या देशातल्या भारतीय वकिलातीकडे किंवा तिच्या अर्ज केंद्राकडे द्यायचा. सोबत किमान सहा महिने मुदतीचा आणि दोन कोरी पानं असलेला पासपोर्ट, दोन इंची चौकोनी फोटो, लग्नाचा दाखला, भारतीय जोडीदाराच्या पासपोर्टची प्रत आणि भारतातल्या पत्त्याचा पुरावा.

अर्जात कालावधी आणि फेऱ्या हे खण रिकामे सोडू नका. पाच वर्षं आणि अनेक फेऱ्या असं मागितलं तरच मिळण्याची शक्यता. एका फेरीचा व्हिसा घेऊन आलेला माणूस आईच्या आजारपणासाठी मायदेशी गेला आणि परत येता येईना, ही तक्रार नेहमीची.

जोडीदार पर्यटक व्हिसावर भारतात असतानाच लग्न झालं तर इथेच ई-एफआरआरओ, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाच्या (एफआरआरओ) ऑनलाइन पोर्टलवरून एक्स व्हिसात बदल मागता येतो. लग्नाची खातरजमा आणि सुरक्षा तपासणी होते, त्यामुळे वेळ लागतो. व्हिसा संपायला चार दिवस उरले असताना अर्ज टाकू नका.

सावधान: नवा पासपोर्ट आला पण व्हिसा जुन्यातच असेल तर दोन्ही पासपोर्ट सोबत न्या. जुना पासपोर्ट कोपरा कापून रद्द केलेला असला तरी व्हिसाचं पान शाबूत हवं.

## ४. ओसीआय: दोन वर्षांचं गणित

नागरिकत्व कायद्याप्रमाणे भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला ओसीआयसाठी अर्ज करायचा तर लग्न नोंदणीकृत हवं आणि अर्जाच्या आधी सलग दोन वर्षं टिकलेलं हवं. म्हणून नोंदणी लांबवू नका. २०१८ मध्ये देवळात लग्न आणि २०२१ मध्ये नोंदणी, असं केलं की अर्जाच्या वेळी वाद ओढवून घेतला. अर्ज मंजूर होण्याआधी सुरक्षा तपासणी होते. जोडीदाराचे आईवडील, आजीआजोबा किंवा पणजोबा यांपैकी कुणी पाकिस्तान किंवा बांगलादेशचे नागरिक असतील तर ओसीआय मिळत नाही. शुल्क परदेशात २७५ डॉलर, भारतात १५,००० रुपये.

एक तपशील बहुतेकांना माहीत नसतो. लग्नामुळे ओसीआय मिळालेल्यांनी प्रत्येक वेळी नवा पासपोर्ट आला की तीन महिन्यांच्या आत तो, ताजा फोटो आणि लग्न अजून टिकून असल्याचं घोषणापत्र ओसीआय पोर्टलवर चढवायचं असतं. जन्माने भारतीय वंशाच्या ओसीआयवाल्यांचे नियम याहून सैल आहेत, त्यामुळे मित्राचं ऐकून “मला काही करावं लागलं नाही” या भरवशावर राहू नका. घटस्फोट झाला तर लग्नामुळे मिळालेलं कार्ड रद्द होऊ शकतं.

ओसीआय मिळेपर्यंत एक्स व्हिसा चालू ठेवा. दोन्हींच्या मध्ये पोकळी सोडू नका.

## ५. आदेश वाचा, बातमी नव्हे

इथून पुढे सीमा बंद झाल्यानंतरचं.

टीव्हीवर “परदेशी नागरिकांना बंदी” असं झळकतं, तेव्हा मूळ आदेशात पाच अपवाद असतात. उलट “सीमा खुल्या” या मथळ्याखाली तुमची रांग बंदच असू शकते. आदेश काढणारेही एक नसतात, आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळ्या प्रश्नाचं असतं:

१. गृह मंत्रालय: या व्हिसावर देशात शिरता येईल का?
२. नागरी विमान महासंचालनालय: विमान उडतंय का, आणि कोणत्या देशांतून?
३. आरोग्य मंत्रालय: चाचणी, फॉर्म, विलगीकरण काय?
४. राज्य सरकार आणि महापालिका: उतरल्यावर घरी की हॉटेलात?

पहिल्या दोघांचं उत्तर “हो” असेल आणि उरलेल्या दोघांच्या अटी पूर्ण होत असतील तरच निघा. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने दार उघडं ठेवलं असतानाही महाराष्ट्राने युरोप आणि मध्यपूर्वेतून येणाऱ्यांना संस्थात्मक विलगीकरण सक्तीचं केलं होतं. केंद्राचं पत्रक हातात घेऊन मुंबईत उतरलेल्यांना हॉटेलचं बिल हातात पडलं.

वेळेकडेही नीट बघा. ११ मार्च २०२० चा आदेश १३ मार्चला ग्रिनिच वेळेनुसार दुपारी बाराला, म्हणजे आपल्या साडेपाचला, निघण्याच्या ठिकाणी लागू झाला. “१३ तारखेपासून” एवढंच वाचणाऱ्याने मध्यरात्र धरली किंवा भारतात पोचण्याची वेळ धरली, दोन्ही चूक.

तपासा: आदेशाचा क्रमांक, तारीख, लागू होण्याची वेळ कोणत्या घड्याळाची, आणि ती निघताना मोजायची की पोचताना.

## ६. तिकीट सगळ्यात शेवटी

२३ मार्च २०२० नंतर नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा थेट २७ मार्च २०२२ ला सुरू झाली. मधल्या काळात वंदे भारत, म्हणजे परदेशात अडकलेल्यांना आणण्यासाठीची सरकारी उड्डाणं होती आणि मग ‘एअर बबल’, म्हणजे दोन देशांतले आपसातले करार. प्रत्येक करारात कोण चढू शकतं याची यादी वेगळी. काही करार फक्त त्या दोन देशांत सुरू होऊन संपणाऱ्या प्रवासापुरते होते. तिसऱ्या देशातून येणाऱ्याला त्या विमानात जागा नव्हती. तिकिटं विकणाऱ्या संकेतस्थळांना हे कळत नसे. पैसे घेऊन ती मोकळी होत, आणि काउंटरवर नकार मिळे.

म्हणून शक्यतो थेट विमान. ते नसेल तर एकाच तिकिटावरचा जोडप्रवास, दोन वेगळी तिकिटं नकोत. मधल्या देशात सामान पुन्हा चेक-इन करावं लागलं तर तिथे प्रवेश घ्यावा लागतो, आणि तो देशही बंद असू शकतो.

## ७. चाचणी आणि फॉर्म: उलटं मोजा

भारतासाठी आरटी-पीसीआरची मुदत आधी ९६ तास होती, नंतर ७२ झाली. सोबत एअर सुविधा पोर्टलवर स्वयंघोषणा भरावी लागे आणि अहवाल तिथे चढवावा लागे.

तास मोजायचे ते नमुना दिल्याच्या वेळेपासून, अहवाल हाती आल्याच्या वेळेपासून नव्हे. समजा, पहिलं विमान १० तारखेला रात्री दहाला सुटतं. ७२ तासांची मर्यादा ७ तारखेच्या रात्री दहाला सुरू होते. म्हणजे नमुना ८ तारखेला सकाळी द्या. ७ ला संध्याकाळी दिला तर विमान वेळेवर सुटलं तरी अहवाल शिळा. ९ ला दुपारी दिला तर अहवाल वेळेत येईल याची खात्री नाही. जोडविमान असेल तर पहिल्या विमानाच्या सुटण्यापासून मोजा आणि विमान चार-सहा तास लांबेल हे धरूनच नमुन्याची वेळ ठरवा.

अहवालावर पासपोर्ट क्रमांक, पासपोर्टप्रमाणे नाव, नमुन्याची तारीख आणि वेळ, चाचणीचा प्रकार हे सगळं छापलेलं हवं. वेळ नसलेला अहवाल ही सर्वांत सामान्य चूक. प्रयोगशाळेतून निघण्यापूर्वीच सांगून ठेवा. आणि आरटी-पीसीआर मागितली असताना झटपट अँटिजेन चाचणी करून जाऊ नका; स्वस्त असली तरी ती इथे चालत नाही.

## ८. काउंटरवर

विमान कंपनी एवढी कडक का वागते? योग्य कागद नसलेला प्रवासी आणला तर दंड तिला बसतो. २००० सालच्या कायद्यात तो माणशी एक लाख रुपये होता. त्यामुळे शंका आली की उत्तर “नाही”. तुमचं काम शंका येऊ न देणं.

एकच फाइल, या क्रमाने: पासपोर्ट, व्हिसा किंवा ओसीआय, त्या दिवशी लागू असलेल्या गृह मंत्रालयाच्या आदेशाची छापील प्रत आणि त्यातलं लागू कलम पेनाने अधोरेखित, लग्नाचा दाखला, भारतीय जोडीदाराच्या पासपोर्टची प्रत, चाचणीचा अहवाल, पोर्टलची पावती. मोबाइलवर सगळं असलं तरी छापील प्रत हवीच. काउंटरवरच्या माणसाला वरिष्ठाकडे जायचं असतं, आणि तुमचा फोन घेऊन तो जाणार नाही.

नकार मिळाला तर भांडू नका. कोणत्या अटीमुळे नकार, ते विचारा, लिहून घ्या, आणि वरिष्ठाला आदेशातलं कलम दाखवा. लवकर पोचलात तरच या सगळ्याला वेळ मिळतो. चार तास आधी जा.

## ९. उतरल्यानंतर

विमानतळावरून बाहेर पडलं की सगळे सैल होतात आणि नोंदणी राहून जाते. १८० दिवसांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर सहसा पोचल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करण्याचा शेरा असतो. तो शेरा वाचा आणि ई-एफआरआरओवर अर्ज करा. मोठ्या शहरांत एफआरआरओ, बाकी जिल्ह्यांत पोलीस अधीक्षक हे नोंदणी अधिकारी. विलगीकरणाचे दिवस या चौदा दिवसांतून वजा होतील असं समजू नका. परदेशी पाहुणा जिथे राहतो तिथल्या यजमानाने २४ तासांत भरायचा फॉर्म सी हॉटेलवाला भरतो. सासरी उतरलेल्या सुनेचा मात्र कुणी भरत नाही, कारण “ती काय पाहुणी आहे?”

## उलट दिशेला जाणाऱ्यांसाठी थोडक्यात

भारतीय पासपोर्टवर परदेशातल्या जोडीदाराकडे जाणाऱ्यांनाही हाच हिशेब. ४ मे २०२१ पासून अमेरिकेने भारतातून येणाऱ्या बहुतांश बिगर-स्थलांतरित प्रवाशांना रोखलं, पण अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकाच्या पती-पत्नींना त्यातून सूट होती. वैध व्हिसा मात्र आपला आपल्याकडे हवा, आणि सूट सिद्ध करायला काउंटरवर लग्नाचा दाखला. ऑस्ट्रेलियात नागरिकाच्या जोडीदाराला सूट होती, पण पार्टनर व्हिसा नसलेल्यांना नात्याचे पुरावे निघण्याआधीच तिथल्या गृह विभागाला द्यावे लागत. मे २०२१ च्या पहिल्या पंधरवड्यात तर भारतातून येणाऱ्या खुद्द ऑस्ट्रेलियन नागरिकांनाही बंदी होती. तेव्हा जोडीदाराच्या कागदांचा प्रश्नच उरला नाही, १५ मेपर्यंत थांबणं एवढंच हातात होतं.